पाच बटणांची गिटार

मैत्रिणींनो, मुलांच्या व्हिडिओ गेमबद्दल आपण एरवी एकच वाक्य बोलतो, "पुरे झालं, बंद कर आता ते!" त्या पडद्यावर नेमकं काय चाललेलं असतं हे बघायला आपल्याला ना सवड असते, ना हौस. पोळ्या लाटताना बाहेरून धडामधुडूम ऐकू येतं, तेवढाच आपला संबंध. आज मात्र अशाच एका खेळाबद्दल लिहिणार आहे, आणि तेही स्वयंपाकघरातून डोकावून नाही बरं का. चांगला गळ्यात पट्टा अडकवून, उभं राहून खेळून पाहिला आहे.

खेळाचं नाव 'गिटार हीरो'. दचकू नका, ह्यात मारामारी नाही, मोटारींची टक्कर नाही. पडद्यावर इंग्रजी रॉक गाणं लागतं आणि त्यातल्या गिटारीची बाजू तुम्ही सांभाळायची, एवढाच खेळ. अमेरिकेत तो २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आला. केंब्रिज गावच्या हार्मोनिक्स नावाच्या कंपनीनं तो बनवला. अ‍ॅलेक्स रिगोपुलॉस आणि इरॅन इगोझी ह्या दोघांनी १९९५ मध्ये ती कंपनी काढली, ती मुळी वाद्य न शिकलेल्या माणसालाही वाजवण्याचा आनंद मिळावा म्हणून. (इगोझी स्वतः क्लॅरिनेट वाजवतात, म्हणजे वाजवणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.) गिटार बनवली रेडऑक्टेन नावाच्या दुसऱ्या कंपनीनं. ही मंडळी त्याआधी नाचाच्या खेळासाठी पायाखाली अंथरायच्या चटया बनवत असत. कल्पना अगदीच कोरी नव्हती. जपानमध्ये कोनामी कंपनीचा तीन बटणांच्या गिटारीचा खेळ काही वर्षं आधीच दुकानांमधून चालत होता. पण घरोघरी पोचली ती ही पाच बटणांची.

आता एवढ्या जुन्या खेळाशी माझी गाठ कशी पडली? गेल्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन आम्ही मोठ्या नणंदबाईंकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिकडे शनिवारी सकाळी लोक घरातलं नको झालेलं सामान गॅरेजसमोर मांडून विकतात. भांडी, दिवे, पुस्तकं, सायकली, काय वाटेल ते. त्याला गराज सेल म्हणतात. अशाच एका ठिकाणी ताईंनी वीस डॉलरला एक खोकं उचललं. आत प्लेस्टेशन २ हे जुनं खेळयंत्र, 'गिटार हीरो'च्या दुसऱ्या भागाची तबकडी आणि दोन गिटारी होत्या, एक काळी, एक लाल. पहिल्या भागाबरोबर काळी येत असे आणि २००६ च्या दुसऱ्या भागाबरोबर लाल. कुणाच्या तरी घरात दोन मुलं मोठी झाली असणार आणि खोकं रस्त्यावर आलं असणार, असा आम्ही तर्क केला.

गिटार हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती हलकेपणा. आतून पोकळ, प्लॅस्टिकची. आकार गिब्सन कंपनीच्या एसजी ह्या खऱ्या गिटारीचा, वरची दोन शिंगं अगदी तशीच, पण माप लहान. तारा नाहीत. डाव्या हाताला, दांडीच्या टोकाशी पाच बटणं : हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी. उजव्या हाताला, जिथे तारा छेडायच्या तिथे एक आडवी पट्टी. ती खाली दाबली की टक्, वर उचलली की टक्. तिच्याशेजारी स्प्रिंगवर हलणारी एक बारीक दांडी. बस्स, एवढंच वाद्य. पाठीमागून एक लांब वायर निघते, ती यंत्रात खुपसायची. सेल नको, चार्जिंग नको. मला तरी ती वायर फार आवडली.

खेळायच्या आधी एक घरगुती सूचना. उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा, त्या पट्टीवर सारख्या आपटतात. मंगळसूत्र पट्ट्यात अडकतं, ते आत टाका. साडीवर खेळायचं तर पदर खोचून घ्या. हे त्या खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

पडद्यावर गिटारीच्या दांडीसारखा एक लांब काळा पट्टा दिसतो आणि त्यावरून रंगीत टिकल्या तुमच्याकडे सरकत येतात. टिकली खालच्या रेघेवर पोचली की त्याच रंगाचं बटण डाव्या हातानं दाबून ठेवायचं आणि त्याच क्षणी उजव्या हातानं पट्टी मारायची. नुसतं बटण दाबून भागत नाही, नुसती पट्टी मारूनही नाही. दोन्ही हात एका क्षणाला भेटले पाहिजेत. टिकलीला शेपूट असलं तर तेवढा वेळ बटण धरून ठेवायचं. दोन टिकल्या शेजारी शेजारी आल्या तर दोन बटणं एकदम. सोप्या पायरीवर तीनच रंग येतात, मधल्या पायरीवर चार, आणि अवघड पायरीपासून पाचही. पण बोटं तर चारच! अंगठा दांडीमागे. म्हणजे नारिंगी बटण आलं की सगळा हात एक घर पुढे सरकवायचा आणि परत मागे आणायचा, तोही खाली न बघता. टायपिंग शिकलेल्या मैत्रिणींना ह्यातली मेख चटकन कळेल. आणि करंगळी! ताक घुसळताना, कणीक मळताना जिची आपण कधी दखल घेत नाही ती करंगळी इथे अर्ध्या तासात बोलायला लागते.

मी लग्नाआधी सतार शिकत होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झाली, मध्यमेचा अर्ज भरायचा होता आणि लग्न ठरलं. सतार माहेरी आहे, तारा सैल करून, गवसणीत. त्यामुळे हातात पट्टी आली तेव्हा माझ्या उजव्या हाताला आधी आठवले ते मिजराबीचे बोल. आतल्या बाजूला 'दा', बाहेरच्या बाजूला 'रा'. ह्या गिटारीचीही गंमत अशी, की पट्टी खाली मारा की वर, खेळाला दोन्ही सारखंच. नवशिकी मुलं फक्त खाली खाली मारत राहतात आणि गाणं जलद झालं की दमतात. 'दारा दारा' असं आलटून पालटून मारलं की तोच तुकडा निम्म्या कष्टात निघतो. काही टिकल्यांना तर पट्टी मारावीच लागत नाही. आधीचा सूर बरोबर लागला असेल तर पुढच्यासाठी नुसतं बोट टेकवलं किंवा उचललं की काम होतं. खऱ्या गिटारीवर हे करतात, आणि सतारीवर आपण त्याच जातीच्या कामाला कृंतन म्हणतो. ती बारीक दांडी हलवली की धरलेला सूर किंचित लवतो. मींड म्हणण्याइतकं काही ते नाही, पण कान सुखावतो खरा.

सगळ्यात हुशारीची गोष्ट मात्र वेगळीच आहे. तुमची टिकली हुकली की गाणं थांबत नाही. ढोल चालू राहतो, गाणारा गात राहतो. फक्त गिटारीचा आवाज गप्प होतो. इतका वेळ जो सूर मागे कुठेतरी आहे असं वाटत होतं, त्याच्या जागी एकदम भोक पडतं, आणि मगच कळतं की अरे, हे मी वाजवत होते! इंग्रजी रॉक मला आजवर सगळं एकसारखं वाटत आलं. त्या खड्ड्यांमुळे एका दुपारीत त्यातली गिटार वेगळी ऐकू यायला लागली, मग तिच्या खालची बेस गिटार, मग ढोलाचे चार ठोके. आपल्या तीनतालासारखी खाली-भरी त्यात नाही, चारचाराचे घास आहेत सरळ. पण जागा चुकली तर तबलजी काही थांबत नाही, ती शिस्त तीच.

गुणांचा हिशेबही शिक्षिकेच्या नजरेनं पाहण्यासारखा आहे. ओळीनं दहा टिकल्या बरोबर आल्या की पुढचे गुण दुप्पट, वीस झाल्या की तिप्पट, तीस झाल्या की चौपट. एक चुकली की पुन्हा एकपट. कोपऱ्यात हिरवा-पिवळा-लाल असा काटा असतो. चुका फार झाल्या की काटा लालमध्ये जातो, पडद्यावरची गर्दी हुर्यो करते आणि गाणं बंद पडतं. चांदणीच्या आकाराच्या टिकल्या सगळ्या नीट लागल्या की थोडी जादा शक्ती साठते. ती वापरायची तर गिटारीची दांडी आकाशाकडे उभी करायची. खऱ्या रंगमंचावर रॉकवाले करतात तशी. पहिल्यांदा लाज वाटते. सासूबाई समोर बसलेल्या असताना तर फारच वाटते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. ताईंचा मुलगा तेरा वर्षांचा. तिकडच्या शाळेत चौथीपासून व्हायोलिन शिकत होता, वाद्य भाड्यानं आणलेलं. गेल्या वर्षी त्यानं ते सोडलं. भांडण नाही, रडारड नाही, एक दिवस म्हणाला, "मला नको," आणि पेटी दुकानात परत गेली. तेव्हापासून घरात संगीताचा विषय निघाला की ताईंचे यजमान गप्प आणि ताई उठून जाणार. त्यात हे खोकं आलं. यजमानांचं म्हणणं असं, की खरं वाद्य सोडलेल्या मुलाच्या हातात खोटं वाद्य द्यायचं म्हणजे सोडल्याचं बक्षीसच देण्यासारखं आहे. ताईंचं म्हणणं, घरात काहीतरी वाजू तरी दे. एकदा तर जेवणाच्या टेबलावर शब्दाला शब्द लागला, आणि ज्याच्याबद्दल तो लागला तो ताटातली भेंडी मोजत बसला. आमच्याशीही तो एका शब्दात बोलत असे. हो, नाही, ओके.

मी त्याच्याबरोबर तळघरात आठवडाभर खेळले. दोघांनी मिळून खेळायची सोय दुसऱ्या भागात आहे. एकानं मुख्य गिटार घ्यायची, दुसऱ्यानं बेस. काटा दोघांचा मिळून एकच, आणि ती साठलेली शक्ती वापरायची तर दोघांनी एकाच वेळी दांड्या वर करायच्या, नाहीतर ती मिळत नाही. म्हणजे बोलावंच लागतं! "मामी, आता! वर, वर!" हे त्याचं मला उद्देशून पहिलं लांब वाक्य.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. ह्या भागात सरावाची एक सोय आहे. गाण्याचे तुकडे पाडून दिलेले असतात, हवा तो तुकडा घ्यायचा, हवी तेवढी लय कमी करायची आणि पुन्हा पुन्हा घोटायचा. एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या मुलानं एकच तुकडा सगळ्यात संथ लयीत वाजवायला घेतला. मग जरा जलद, मग आणखी जलद. हुकला की परत संथ. तासभर! कुणी सांगितलं नव्हतं. व्हायोलिनचा सराव म्हटलं की ह्याच मुलाचं पोट दुखत असे, असं ताई सांगतात. मुलं कंटाळतात ती सरावाला, असं आपण वर्गात सहज म्हणतो. इथे तर सराव राजरोस चालला होता. तुकडा लहान होता, चुकलं ते त्याच क्षणी कळत होतं आणि चुकलेलं ऐकायला डोक्यावर कुणी उभं नव्हतं.

सासूबाई भजनी मंडळातल्या, टाळ त्यांच्या हातात उपजत. त्या वरच्या पायरीवर बसून मांडीवर ताल धरत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी निकाल दिला, "हा बघतोय, ऐकत नाहीये." बरोबर होतं ते. खेळातली हीच मोठी उणीव मला वाटते. टिकल्यांच्या मागे डोळे असे धावतात की गाणं संपल्यावर विचारलं, काय वाजवलंस, तर चाल गुणगुणता येत नाही. आजीचं ऐकून पोरानं एका गाण्यात, जिथे तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो तिथे, मान फिरवून वाजवून पाहिलं. सात-आठ टिकल्या लागल्या. मग हुकल्या. आजी म्हणाल्या, "चालेल."

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या गिटारीनं गिटार येते का, असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा. खऱ्या गिटारीला सहा तारा, वीसच्या वर पडदे. इथलं हिरवं बटण एका ठिकाणी एक सूर देतं आणि पुढच्या ओळीत दुसराच. सूर कुठे असतो हे बोटांना कळत नाही, कारण सूर तबकडीत आधीच वाजवून ठेवलेला आहे. बोटांना घट्टे पडत नाहीत, वाद्य लावावं लागत नाही, बेसूर होण्याची भीती नाही. जे येतं ते लयीचं भान, दोन्ही हातांचा मेळ आणि दहा वाद्यांतून एक वाद्य वेगळं ऐकायची सवय. शेवटची गोष्ट तर मला संगीताच्या वर्गात दोन वर्षं कुणी शिकवली नव्हती.

ताईंच्या यजमानांना मी एवढंच म्हटलं, की ह्या खोक्याला औषध समजू नका. 'बघ, आता व्हायोलिन घेतोस का?' असं महिनाभर तरी कुणी विचारू नये. आणि त्याच्यासमोर खरं-खोटं ही तुलना करू नये, त्याला ती तुमच्या आधी कळलेली आहे. त्यांनी मान हलवली. पटलं की पाहुणीचा मान राखला, देव जाणे. आम्ही निघालो तेव्हा व्हायोलिनचं काहीही ठरलेलं नव्हतं. हो, एक झालं. भाच्यानं मला विचारलं, "तुझ्या सतारीला किती तारा आहेत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि बटणं?" मग स्वतःच हसला.

ज्यांच्या घरी हे आणायचा हट्ट चालू असेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. ही मूळ मालिका आता नव्यानं मिळत नाही. एकामागून एक इतके भाग बाजारात ओतले गेले की लोक कंटाळले, आणि २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीनं काम थांबवलं. २०१५ मध्ये सहा बटणांची नवी गिटार घेऊन एक भाग आला, पण त्यातली बरीच गाणी इंटरनेटवरून येत असत आणि तो पुरवठा २०१८ च्या शेवटी बंद झाला. असा अर्धा बंद पडलेला खेळ स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. हार्मोनिक्सची माणसं नंतर 'फोर्टनाइट' ह्या खेळात गाण्याचा विभाग करू लागली, तो २०२३ च्या डिसेंबरपासून आहे. नव्या यंत्रांसाठी 'रिफमास्टर' नावाची गिटारही २०२४ मध्ये निघाली. तेव्हा प्रकार अगदीच मेलेला नाही, पण पाहुण्यांकडून मागवायचा तो जपून.

परदेशातून जुना संच आणणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. यंत्रावर किंवा त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आपल्या प्लगात खुपसू नका. दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या तबकड्या इथल्या प्लेस्टेशन २ वर चालत नाहीत, यंत्र आणि तबकडी एकाच प्रदेशाची लागते. गिटार जुनी घेताना पट्टी वर-खाली शंभरदा मारून बघा, दोन्हीकडे सारखा टक् आवाज आला पाहिजे. बारीक दांडी सोडली की आपोआप जागेवर यायला हवी. बिनवायरची असेल तर सेलचं झाकण उघडून गंज बघा, आणि प्लेस्टेशनची असेल तर तिच्याबरोबरचा लहानसा रिसीव्हर आहे ना, हे पहिल्यांदा विचारा. तो हरवला असेल तर ती गिटार म्हणजे भिंतीवरची शोभा. २००७ च्या तिसऱ्या भागापासून आलेल्या काही गिटारींची दांडी सुटी होते. बटणं मधूनच बंद पडत असतील तर त्या जोडाची धातूची टोकं कोरड्या मऊ फडक्यानं पुसून बघा, टाकून देऊ नका.

आणि घरी नवा सपाट टीव्ही असेल तर चित्र दिसायला निमिषभर उशीर होतो. आपण बरोबर वाजवलं तरी खेळ म्हणतो चुकलं, आणि मूल विनाकारण खट्टू होतं. टीव्हीमध्ये खेळासाठी वेगळी सोय असते ती चालू करा. दुसऱ्या भागात हा फरक जुळवून घ्यायची जागाही पर्यायांमध्ये दिलेली आहे, तिथे एकदा पाच मिनिटं घालवा. जुना डबा टीव्ही माळ्यावर पडलेला असेल तर सगळ्यात उत्तम, त्यावर हा त्रासच नाही. फक्त रात्री दहानंतर नको. गाण्याचा आवाज कमी करता येतो, पण त्या पट्टीची टक् टक् भिंतीपलीकडे थेट ऐकू जाते.